तिच्या गल्लीचं पाणी

धाराशिव जिल्ह्यात लोक जातात ते तुळजापूरला, नवस बोलायला नाहीतर फेडायला. थोडे हौशी नळदुर्गचा किल्ला बघतात. मी या फाल्गुनात गेले ती एका तरुणाला बघायला, ज्यानं दोन-तीन वर्षं एका मुलीची पाठ सोडली नव्हती. तो किती सुधारलाय ते डोळ्यांनी बघायचं, कागदावर सही करायची आणि परत यायचं, एवढंच काम. येताना तिकडचा खव्याचा पेढा आणा, असं सहकाऱ्यांनी बजावलं होतं. पेढा आणला. सही अजून केलेली नाही. का नाही, ते सांगण्यासाठी हे प्रवासवर्णन.

आधी माझा धंदा सांगते. मी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, त्यामुळे निम्म्या लोकांना मी धंद्याला कर्ज मिळवून देते असं वाटतं, आणि उरलेल्यांना मी गुडघे चोळते असं. खरं काम साधं आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला घास पुन्हा तोंडापर्यंत नेता यावा, मनाच्या आजारातून उठलेल्या बाईला तिचं स्वयंपाकघर परत आपलं वाटावं, यासाठी हातांना आणि दिवसाला काम लावून द्यायचं. काही वर्षांपासून आमच्या केंद्रात कोर्टानं पाठवलेले पाठलाग करणारेही येतात. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मानसोपचारवाले बघतात, त्यांचा दिवस मी बघते. कारण पाठलाग हा नुसता चळ नसतो, ती पूर्णवेळ नोकरी असते. ती मुलगी कधी निघते, कुठल्या एसटीनं जाते, कोणाशी बोलते, हे बघायला चिकाटी लागते, हुशारी लागते, आणि त्या माणसाकडे अभिमान बाळगावा असं दुसरं काही नसतं. ते काढून घेतलं की रिकामा दिवस उरतो, आणि रिकामा दिवस त्याला परत तिच्याच दारात नेतो. म्हणून तिथं दुसरं काम बसवायचं. ठरलेल्या वेळेचं, जबाबदारीचं, लोकांना ज्याची गरज आहे असं.

बालाजी आमच्याकडे काही महिने येत होता. बी.ए. झालेला, घरची थोडी शेती, ती मोठा भाऊ बघतो. अश्विनी त्याच्याच गावची, जवळच्या तालुक्याच्या गावी, वाशीला, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. मुलीचं नाव मी बदललं आहे आणि गावाचं लिहीतच नाही. हा रोज तिच्या एसटीमागे मोटरसायकल घालायचा, दिवसभर लॅबसमोर चहाच्या टपरीवर बसायचा, नव्या नव्या नंबरांवरून मेसेज पाठवायचा. अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. गाव म्हणायचं, नुसतं बघतंय पोरगं, खातंय का तिला? शेवटी तिच्या वडलांनी तक्रार दिली. कोर्टानं त्याला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं, दोन अटी घालून. तिच्या घराकडे फिरकायचं नाही, आणि उपचार पुरे करायचे.

अश्विनीनं त्याआधीच नोकरी सोडली होती. तिला ती परत धरायची होती, लॅबवाले घ्यायलाही तयार होते. पण वडील म्हणत होते, पुण्याच्या मॅडमनी पोरगा बरा झाला असं लिहून दिलं की मगच उंबरा ओलांड. म्हणजे माझ्या सहीवर त्याच्यापेक्षा तिचंच जास्त अडलेलं होतं.

तेरखेडा, जाताना

बार्शी सोडून येरमाळ्याकडे निघालं की डोंगराच्या कडा दिसायला लागतात आणि त्यांच्यावर पवनचक्क्या. ज्वारी काढणीला आलेली, हरभरा उपटून ढीग घातलेले, आणि ऊन असं की सकाळी नऊलाच गाडीच्या काचेला हात लावू नये. तेरखेड्याला हमरस्त्यावर फटाक्यांची दुकानं रांगेनं उभी आहेत. दिवाळी कुठं, फाल्गुन कुठं, पण सुतळी बॉम्बच्या पाट्या बारा महिने तशाच. नेमकं त्या रांगेत माझं चाक बसलं. पंक्चरवाला दुकानापासून जरा लांब, लिंबाखाली बिडी ओढत होता. ती पुरी झाल्याशिवाय तो दुकानाकडे आला नाही, आणि त्या गावात ते बरोबरच आहे.

"कुणाकडं चाललाव?" त्यानं विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं आणि उगाच पुस्ती जोडली की पुण्याच्या एका केंद्रातून आले आहे.

"बालाजीच्या मॅडम का तुमी?" तो हसला. "सुधारलं की ओ पोरगं! पाणी सोडतंय आता. लई सरळ झालं."

हे मला माहीत होतं. ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम मिळालं, असं बालाजीनं फोनवर कळवलं होतं आणि मी त्याचं अभिनंदनही केलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे गावाबाहेरची विहीर, तिथली मोटर आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेला बालाजी, असं चित्र होतं. पुण्यात आमच्या नळाला पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून, आणि ती टाकी कोण भरतं याचा आम्ही कधी विचार केलेला नाही. पंक्चर काढून होईपर्यंत मी खुशीत होते.

गाव

वाशीला लॉजवर उतरले. सकाळच्या नाश्त्याला सुशीला मिळाली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी. आम्ही पुण्यात पोह्यांचा एवढा गर्व का करतो, असं ती खाताना वाटलं. मग गावात गेले.

सरपंचांना सगळे तात्या म्हणतात. पांढरी टोपी, हातात मोबाइल, बोलणं गुळासारखं. "तुमी म्हणला व्हताव नं फोनवर, त्याला जिम्मेदारीचं काम द्या, टायमाचं काम द्या, लोकांच्या उपेगाचं द्या? मग पाण्यापरीस मोठं काम कंचं हाय आमच्याकडं? म्हाताऱ्या लिंबाजीची चावी काढली आन् ह्याच्या हातात दिली." आपण सांगितलेलं कोणी इतकं मनावर घेतं, हे मला नवीन होतं.

दुपारी बालाजीच्या आईनं जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची म्हणजे येसराची आमटी, शेंगाचटणी आणि वर लोण्याचा गोळा. गयाबाई वाढत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "माय, माझं लेकरू तुमी माणसात आणलं. पह्यलं बाया तोंड फिरवायच्या, आता भाऊ मनून हाक मारत्यात." येसराची आमटी मी दोनदा मागून घेतली. एवढं चविष्ट जेवण नंतर त्या सबंध प्रवासात मिळालं नाही, आणि त्याची आठवण झाली की अजून तोंड कडू होतं.

पाण्याचा दिवस

त्या गावात पाणी कुठून येतं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विहिरीवरून ते उंच टाकीत चढतं आणि तिथून चार-पाच दिवसांतून एकदा, एकेका गल्लीला पाळीनं सोडतात. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक खड्डा, त्यात व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायला कमरेएवढी लोखंडी चावी. ज्याच्या खांद्यावर ती चावी, त्याचा मान सरपंचाच्या खालोखाल. उन्हाळ्यात सरपंचाच्या वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बालाजीबरोबर फिरले. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर चावी, चालण्यात तोरा. केंद्रात तो मान वर करून बोलत नसे. इथं बाया घरातून हाका मारत होत्या, "बालाजीभाऊ, आमच्याकडं जरा लवकर सोडा ओ!" आणि तो, "व्हय मावशी," म्हणून व्हॉल्व्ह खोलून, पुढच्या गल्लीकडे निघत होता. कुठंही रेंगाळला नाही, कुणाच्या दारात डोकावला नाही. मी मनातल्या मनात सहीसुद्धा करून टाकली.

सगळ्यांत शेवटी चढावरची गल्ली आली. तिथं जाण्याआधी तो मागे फिरला आणि बाकीच्या सगळ्या गल्ल्या नीट बंद करून आला. "चढाला पाणी चढत न्हाय मॅडम. समदी दाबून धरावी लागत्यात, मग इकडं जोर येतोय." त्यानं व्हॉल्व्ह पुरा खोलला. गल्लीत एकदम जत्रा उसळली. पाइप, हंडे, बॅरल, एक बाई तर म्हशीला धुवायला लागली. बालाजी खड्ड्याशेजारच्या दगडावर बसला, आणि बसताना मुद्दाम वळून निळ्या दाराच्या एका घराकडे त्यानं पाठ केली.

"ते अश्विनीचं घर का?" मी विचारलं.

"व्हय. पण म्या तिकडं बघत सुदिक न्हाय. कुणाला बी विचारा. कोर्टानं सांगितलं तसं राहतो."

मी वाट बघत उभी राहिले. ओट्यावर बसलेल्या मुद्रिकाकाकूंनी मला सावलीत बोलावलं, गुडघे दुखतात म्हणाल्या. मी त्यांना पाय लांब करून टाच दाबायचा व्यायाम दाखवला. त्यांनी माझा नंबर घेतला. "बालाजीनं चावी घेतल्यापून आमच्या गल्लीचं नशीब उघडलं बगा," त्या म्हणाल्या. "न्हायतर लिंबाजीच्या काळात आमी दुसऱ्या गल्लीत हंडे घिऊन भीक मागायचो."

तेवढ्यात बालाजीनं मान जराशी तिरकी केली. "आता भरत आली," तो पुटपुटला.

"काय भरत आलं?"

"त्यांची टाकी. दाराच्या आत हाय, सिमिटाची. रिकामी असली की पाणी घुमतंय. भरत आली की आवाज बारीक बारीक हुतोय." तो ऐकत राहिला. म्हैस, बाया, पोरं, एवढ्या गलक्यात त्याला पाठीमागच्या एका टाकीचा आवाज येत होता. मग तो उठला आणि व्हॉल्व्ह बंद केला. "झालं."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांचं तवर झालेलंच असतंय."

मी शिकवलेलं सगळं तिथं होतं. ठरलेली वेळ, जबाबदारी, लोकांची गरज, केलेल्या कामाचं समाधान. कशात म्हणून कसूर नव्हती. फक्त त्यानं जुनी नोकरी सोडलीच नव्हती, गावानं तिला आता पगार आणि मान लावून दिला होता.

निळं दार

बालाजी गेल्यावर मी त्या घरात गेले. अश्विनीच्या आईनं तांब्या पुढे केला, मी पाणी प्यायले आणि मग ते कुठलं पाणी आहे ते लक्षात आलं. अश्विनी आतल्या खोलीतून बाहेर आली. बारीक चणीची, चष्मा लावणारी, बोलायला स्पष्ट.

"मॅडम, आधी तो रस्त्यावर होता. घरात आलं, दार लावलं की सुटका व्हायची. आता तो घरात आलाय. त्यानं सोडलेल्या पाण्यानं मी आंघोळ करते. तेच पिते."

"पंचायतीत सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. गल्लीतल्या सगळ्या बाया आईकडं आल्या. म्हणल्या, तुझ्या पोरीपायी गल्ली तहानंनं मारायची का? तो तोंड वळवून बसतो, अजून काय पाहिजे तिला?" ती पुढे सांगू लागली. "एकदा मी तोटी बंद करायला लावली. भरायचंच नाही म्हणलं. तर तो व्हॉल्व्ह बंदच करेना. आमच्या टाकीचा आवाज येईना, म्हणून बसूनच राहिला. गटारी भरल्या, रस्त्यावर पाणी आलं. मग शेजारच्या बाया दारात. भरून घे की गं माय, पाणी वाया चाललंय."

"मग?"

"मग भरलं."

तिच्या आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चहा टाकते म्हणून आत गेली. अश्विनी हळू आवाजात म्हणाली, "त्याच्याकडून ती चावी काढून घ्या. बाकी मला काही नको. मी वाशीला जाईन, काम करीन. पण माझं नाव येऊ देऊ नका."

पुण्यात अशा मुलीला सांगतात, नंबर बदल, रस्ता बदल, घर बदल. मला आमचा तो शहरी कोडगेपणा माहीत होता. इथं तिला कोणी काही बदलायला सांगत नव्हतं. इथं तिनं जागच्या जागी राहून सगळ्यांना पुरायचं होतं. दोन्हींत जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

तात्या आणि तेरखेड्याचा शेठ

तात्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी अश्विनीचं नाव घेतलं नाही, उपचाराच्या दृष्टीनं काम बदलायला हवं असं म्हणाले. पण हे कुणासाठी चाललंय ते तात्यांना लगेच कळलं.

"मॅडम, पोरगं तिच्यामागं जात न्हाय. पाण्यामागं जातंय. आन् पाण्यामागं समदं गावच जातंय."

"कोर्टाची अट आहे तात्या. तिच्या घराकडे फिरकायचं नाही."

"फिरकणं म्हंजी रिकामं फिरणं. ह्यो तर कामावर हाय."

असं आम्ही बराच वेळ गोल गोल फिरलो. शेवटी मी कोर्टाला जसंच्या तसं लिहीन म्हटल्यावर त्यांच्या बोलण्यातला गूळ संपला. "तुमी म्हणताव तर काढतो. पण पाणी कमी आलं तर गल्लीला जवाब तुमी द्यायचा." बालाजीला बोलावलं. त्यानं चावी खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवली. रागावला नाही, रडला नाही. फक्त विचारलं, "मग त्यांची टाकी भरली का न्हाय ते कोण बघणार?"

त्याला दुसरं काम बघून दिल्याशिवाय जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तो माझा धंदाच आहे आणि त्याला रिकामं सोडणं धोक्याचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तेरखेड्याला एका फटाकेवाल्या शेठकडे गेले. दोऱ्यांच्या लडींमध्ये बसलेला हा भला माणूस चहा पाजून म्हणाला, "घेतो की. पॅकिंगला माणूस पाहिजेच हाय. लगीन झालंय का?"

"नाही."

"मग न्हाय जमायचं. आमी लगीन झालेलाच घेतो. घरी बायको-लेकरू असलं की माणूस हात जपून वापरतोय. सड्याफटिंगाची फिकीर कोण करणार?"

परतताना गाडीत बालाजी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "बगा मॅडम. तिनं तवाच हो म्हणलं असतं, तर ही नोकरी बी लागली असती."

मी गाडी चालवत होते म्हणून बरं. हातात दुसरं काही असतं तर फेकून मारलं असतं. केंद्रात मी त्याच्याशी महिनोन् महिने किती धीरानं बोलले होते, आणि त्या सगळ्याचं त्यानं काय केलं होतं? सगळं तिच्याच खात्यावर जमा करून ठेवलं होतं.

पुढचं पाणी

पुढच्या पाळीपर्यंत मी वाशीतच राहिले. बाजार बघितला, खव्याच्या भट्टीवर जाऊन पेढा घेतला. पाळीच्या सकाळी गावात गेले तेव्हा चावी लिंबाजीबुवांकडे परत आली होती. बुवांनी सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह एकदमच खोलले आणि पारावर जाऊन पान लावत बसले. खालच्या गल्ल्यांत पाणी धो धो. चढावर करंगळीएवढी धार आली, तीही थोडा वेळ. मी बुवांना बाकीच्या गल्ल्या बंद करा म्हणून विनवलं. ते म्हणाले, "मॅडम, माझे गुडघे कुठं तुमच्यावाणी हायेत?"

दुपारी मी निळ्या दाराच्या घरात बसले होते. गल्लीतल्या बाया आल्या. भांडायला येतील म्हणून मी तयारीत होते, पण एकीनंही आवाज चढवला नाही. सगळ्या सतरंजीवर बसल्या, कोणी अश्विनीच्या आईचं अंग बरं आहे का विचारलं, कोणी माझ्या हातातलं घड्याळ बघितलं. मग मुद्रिकाकाकूंनी तोंड उघडलं.

"आमी कुणाला काय म्हणत न्हाय. पोरगी आमचीच हाय. पण बाई, असं बी करून बगा की. पोरगं निर्व्यसनी हाय, सोयरपणात बसतंय, कामाचं हाय. लगीन लावून टाका. त्याला बी ठिकाण लागंल, तिला बी कुणी तरास देणार न्हाय आन् गल्लीचं बी भलं हुईल."

"काकू, तो तिचा पाठलाग करत होता," मी म्हणाले.

"मग नवराच झाल्यावर कशाला करंल?" त्या खरंच विचारत होत्या. बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. अश्विनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कोणीही तिच्याकडे बघून बोलत नव्हतं.

मी त्यांना काय काय सांगितलं, ते सगळं इथं लिहीत नाही. कायदा सांगितला, माणसाचं मन सांगितलं, शेवटी तुमच्या लेकीला द्याल का असंही विचारलं. एकजण म्हणाली, "माझ्या लेकीच्या मागं लागला असता तर विचार केला असता की." त्या सगळ्या जणी चांगल्या होत्या. गेल्या पाळीला याच बायांनी मला ताक पाजलं होतं, आणि मला त्यांचा जितका राग आला तितका बालाजीचाही आला नव्हता.

संध्याकाळी शेतातून वडील आले. सगळं ऐकून चपलेचा अंगठा चाचपत बसले. मग मला म्हणाले, "मॅडम, उद्या जाताना हिला ढोकीला मावशीकडं सोडता का तुमच्या गाडीत?"

"तिला का पाठवताय? चुकलं काय तिचं?"

"तिचं काय बी चुकलं न्हाय. पण आमाला या गल्लीत राहायचंय."

ढोकीच्या वाटेवर

येरमाळा, येडशी आणि तिथून ढोकी. रामलिंगाच्या बाजूची झाडी पानगळीनं उघडी पडलेली होती आणि अधूनमधून पळसाची लाल फुलं. ढोकीकडे वळल्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढे कानठळ्या बसवणारी गाणी. त्यांना ओलांडून जायला जागा नसते, मागेमागे राहायचं आणि उसाची चिपाडं काचेवर झेलायची.

अश्विनीच्या पायाशी एक पिशवी होती आणि मांडीवर लॅबचा जुना पांढरा कोट, घडी घातलेला. तो कशाला घेतला असं मी विचारलं नाही. आमच्या मागे एक मोटरसायकल बराच वेळ होती. अश्विनी आरशात बघत राहिली, बोटांनी कोटाची घडी मोडत. मोटरसायकल पुढे गेली तेव्हा दुधाच्या किटल्या दिसल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "त्याला पुण्याला बोलावलंत तेव्हा काय काय विचारायचात?"

"दिवस कसा जातो, काय आवडतं, कशात मन रमतं, कुठलं काम जमेल."

"मला नाही कुणी विचारलं," ती म्हणाली. "माझा दिवस कसा जातो ते."

मी विचारलं. मग ढोकी येईपर्यंत ती सांगत होती. सकाळी लॅब उघडल्यावर सुईला घाबरणाऱ्या पोरांना ती कशी बोलण्यात गुंतवायची, म्हाताऱ्यांची शीर कशी सापडत नाही, काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढताना हात कसा हलका ठेवावा लागतो. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात स्वतःच्या कामाबद्दल इतक्या मायेनं बोलणारं माणूस मी क्वचितच पाहिलं आहे, आणि तिलाच मी तिच्या कामापासून आणखी लांब नेऊन सोडत होते.

मावशी प्रेमळ होती. "आमच्यात बोअर हाय बाई, पाण्याची तकलीफ न्हाय. खुशाल राहा. कुणी विचारलं तर पाव्हणी आलीय म्हणू." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "पण कामाला बिमाला आता नको बगा. उगी लोकांच्या नजरंत यायचं." मी अश्विनीला माझा नंबर दिला. तिनं तो घेतला, आणि मी निघताना दारात न थांबता आत गेली.

पुण्यात

पेढा सगळ्यांना आवडला. बालाजीची फाइल बैठकीत आली तेव्हा एक सहकारी म्हणाले, पीडितेशी संपर्क नाही, रोजगार आहे, कुटुंबाचा आधार आहे, मग अडचण काय? रोजगार खरंच होता. मी परतल्यावर आठवड्याच्या आत तात्यांचा फोन आला होता. "पोरगीच गावात न्हाय म्हणल्यावर अट मोडायचा सवालच न्हाय. चावी त्याला परत दिली. तुमची बी फाइल मिटली, आमचं बी पाणी मिटलं." मी सहकाऱ्यांना जे पाहिलं ते सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. तरी पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा आला, कारण फाइलमध्ये टाकीच्या आवाजासाठी रकाना नाही. तिच्या लॅबनं, मी फोन केला तेव्हा कळलं, दुसरी मुलगी ठेवली आहे.

परवा मुद्रिकाकाकूंचा फोन आला. मला वाटलं, गुडघ्याबद्दल असेल. गुडघा बरा आहे म्हणाल्या, व्यायाम करते. मग आवाज उतरला.

"मॅडम, बालाजीला चावी परत दिलीय, पण आमच्या गल्लीला पाणीच येईना. येतोय, खोलतोय, आन् निघून जातोय. बसत बी न्हाय. दुसऱ्या गल्ल्या बी बंद करत न्हाय. किती येळा सांगितलं, नुसतं व्हय मावशी म्हणतोय."

तात्यांना सांगा, असं मी म्हणाले.

"तुमचं ऐकत्यात तिचे आई-बाप," काकू म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या, पोटच्या पोरीबद्दल बोलावं तसं. "तेवढं अश्विनीला माघारी बोलवायला सांगा की. जलमभर ऱ्हा म्हणत न्हाय आमी. उन्हाळ्यापुरतं तरी."